वाऱ्याचे खत

माझे आजोळ सांगलीजवळ, हरिपूरच्या अंगाला. तिकडे हळद पेवात ठेवायची पद्धत. पेव म्हणजे जमिनीत खणलेली कोठी. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढे, पोट मात्र भले मोठे. 2005 च्या महापुरात त्यांतली बरीच पेवे निकामी झाली, पण माझ्या लहानपणी ती जागती होती. पेव उघडले की लगेच कोणी आत जात नसे. तोंड उघडे ठेवून बराच वेळ जाऊ द्यायचा, मग आजोबा दोरीला कंदील बांधून खाली सोडायचे. वात नीट जळत राहिली तर माणूस उतरणार. मिणमिणली, विझली, तर अजून थांबायचे. एकदा शेजारच्या पेवात एक गडी घाईने कंदिलावाचून उतरला. त्याला वर काढला तेव्हा तो गेलेला होता. मी नऊ वर्षांचा होतो. त्याच्या अंगाला लागलेली पिवळी हळद अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

पुढे बेळगावात चौतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. कर्बवायूचा धडा आला की हा पेवाचा प्रसंग मी पोरांना सांगायचोच. साठवलेले धान्य, हळद, सगळे श्वास घेते, आतला प्राणवायू खाते आणि कर्बवायू सोडते, तो हवेपेक्षा जड म्हणून तळाशी बसतो. पोरे डोळे मोठे करून ऐकायची. तर अशा माणसाला त्याच्या सख्ख्या भाच्याने एके दिवशी सांगावे, की मामा, मी खोलीत कर्बवायू सोडायलोय, सिलिंडर विकत आणून!

अक्काचे घर वडगावात. दाजींचे यंत्रमाग होते, चार. घराच्या मागे लांबलचक शेड आणि त्यात दिवसभर खडाडखड. त्या आवाजात बोलायची सवय झाल्याने अक्का अजूनही शेजारच्या माणसाशी रस्त्यापलीकडे असल्यासारखी बोलते. दाजी गेले, साडीचा धंदा आधीच बसला होता, माग भंगारात गेले. भंगारवाला माग उचलत होता तेव्हा अक्का आत स्वयंपाकघरात जाऊन बसली ती रात्रीपर्यंत बाहेर आली नाही. शेड तीन वर्षे रिकामे राहिले. मग भाच्याने पुण्यातली नोकरी सोडली आणि शेडात भाजी पिकवायचे ठरवले. भाजी म्हणजे मेथी-पोकळा नव्हे, लेट्यूस. गोव्याच्या हॉटेलांत सॅलडमध्ये घालतात तो पाला. चोर्ल्याच्या घाटाने पहाटे गाडी सुटली की सकाळी पणजीत. बेळगावची भाजी गोव्याला जाते हे काही नवे नाही, आमच्या आजीच्या आधीपासून जाते. नवे इतकेच, की ही भाजी माती न पाहता वाढणार होती.

शेडाला आतून फोमचे पत्रे ठोकले. 20 फूट बाय 30 फूट, उंची 10. रॅकवर पांढरे पाइप, पाइपांना भोके, भोकांत रोपे, आणि पाइपातून खताचे पाणी सतत वाहते. वर सूर्य म्हणून एलईडी. एसी. कर्ज बँकेचे, बँकेने दिले नाही तेवढ्यासाठी अक्काच्या पाटल्या गहाण पडल्या. हे मला मागाहून कळले. अक्काने आपणहून सांगितले नसतेच. हात मोकळे दिसले म्हणून मी विचारले तर म्हणाली, "काढून ठेवल्यात रे, पाण्यात हात असतोय सारखा." पाण्यात हात तर तिचा जन्मभर होता.

पहिले पीक बरे आले. दुसऱ्याच्या वेळी भाच्याने कुठेतरी वाचले, की बंद खोलीत रोपे हवेतला कर्बवायू खाऊन संपवतात आणि मग दिवा कितीही लावा, वाढ अडते. म्हणून तो बाहेरून द्यायचा. यात खोटे काही नाही. हॉलंडच्या वेस्टलँड भागात काचघरांना 2005 सालापासून तेलशुद्धीकरण कारखान्यातला कर्बवायू चक्क नळाने पोचवतात. बाहेरच्या हवेत तो आज दशलक्षात 420 भागांच्या वर आहे. 1958 साली मौना लोआच्या डोंगरावर मोजायला सुरुवात झाली तेव्हा 315 च्या आसपास होता. लेट्यूससारख्या पिकांना उजेड भरपूर असेल तर हजारापर्यंत दिलेला पचतो. त्यापुढे घातला तरी फारसा उपयोग नाही.

सिलिंडर आला. वेल्डिंगच्या गॅसवाल्याकडून. भिंतीवर मीटर लागला, सिलिंडरला झडप. मी पहिल्या दिवशी दारातच उभा राहिलो. म्हटले, "कंदील आहे का घरात?" भाचा हसला. "मामा, हजार पीपीएमला कंदील विझत नाही. पाच हजारापर्यंत तर आठ तास कामाला चालतंय म्हणतात." खरे होते ते. पेवात जे साचते ते याच्या कितीतरी पट. आम्ही हिशेब केला: खोलीतली हवा सुमारे 170 घनमीटर, ती 420 वरून हजारावर न्यायला लागणारा गॅस पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास. एका चहाच्या पुड्याएवढा! तरी मी त्याला धोक्याची घंटा वाजवणारा दुसरा मीटर घ्यायला लावला आणि तो गुडघ्याच्या उंचीवर बसवायला लावला. झडप अडकली, सिलिंडर रिकामा झाला, आणि कोणी बंद खोलीत शिरले, तर तिथे मीटर हाच कंदील. यावर मी हटून बसलो आणि आजही त्याबद्दल मला वाईट वाटत नाही.

वाईट वाटते ते पुढच्या गोष्टीचे.

भाच्याने विचारले, "मामा, गॅस वाढवला, आता खताचं काय करायचं?" मी मास्तर. मला प्रश्न विचारला की उत्तर आलेच पाहिजे, ही आमच्या जातीची खोड. मी त्याला लीबिगची बादली सांगितली. लाकडी फळ्यांच्या बादलीत एक फळी आखूड असेल तर पाणी त्या फळीपर्यंतच भरणार. झाडाचेही तसेच, जो घटक सर्वांत अपुरा तो वाढ ठरवतो. हा विचार कार्ल स्प्रेंगेलने 1828 सालीच मांडला होता, लीबिगने 1840 नंतर तो जगभर नेला आणि नाव लीबिगचे झाले. हेही मी सांगितले. संधी सोडली नाही. मग म्हणालो, "आतापर्यंत आखूड फळी कर्बवायूची होती. ती तू दुपटीच्या वर लांब केलीस. आता खताची फळी आखूड पडणार. खत दुप्पट कर."

खोलीत खताचे मोजमाप ईसीने होते. पाण्यात क्षार जितके जास्त तितकी वीज सहज वाहते, त्यावरून आकडा. तो 1.2 वर होता. माझ्या शब्दाखातर भाच्याने तो 2.4 केला. दोन टाक्या होत्या, एकीत कॅल्शियम नायट्रेट, दुसरीत बाकीचे. घट्ट द्रावणे एकत्र केली तर कॅल्शियम आणि सल्फेट मिळून खाली चुन्यासारखा गाळ बसतो, म्हणून चुली वेगळ्या. दोन्हींतले माप दुप्पट झाले. गॅस वाया जाऊ नये म्हणून त्याने बाहेर हवा फेकणारा पंखाही बंद केला. तेही मला पटले. दार उघडे ठेवून एसी कोण लावतो?

आठ-दहा दिवस रोपे अशी काही तरारली की अक्का शेजारणींना बोलावून दाखवू लागली. तिथे काम करायला तीन बायका यायच्या, तिघीही पूर्वीच्या मागांवरच्या, कांड्या भरणाऱ्या. त्यांतली थोरली कानडी बोलणारी. आम्ही तिला मावशी म्हणायचो, ती मला मास्तर्री. एक गंमत तेव्हा लक्षात आली. बायका आत कामाला बसल्या की सिलिंडरची झडप उघडायचीच नाही. माणूस दिवसाला किलोभर कर्बवायू सोडतो. तिघी बसून पाने निवडत, सुनांच्या तक्रारी सांगत असल्या की मीटर आपला वर वर. भाचा म्हणे, "गॅसवाल्यापेक्षा गप्पा स्वस्त."

मग एके सकाळी मावशीने एक गड्डा उलगडून माझ्यापुढे धरला. बाहेरची पाने हिरवीगार, आतली कोवळी पाने मात्र कडेने तपकिरी, विडी टेकवल्यासारखी. दुसरा उलगडला, तसाच. तिसरा. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हते.

डिसेंबरचा दुसरा आठवडा होता. गोव्याच्या माणसाला नाताळाआधी माल हवा होता, वर्षातली सर्वांत मोठी मागणी. मी घरी जाऊन पुस्तके काढली. कडा करपणे म्हणजे कॅल्शियमची कमतरता, असे सगळीकडे लिहिलेले. मी आनंदाने परतलो. "कॅल्शियम कमी पडतंय. कॅल्शियम नायट्रेट आणखी वाढव." ईसी 2.7 झाला. चार दिवसांत मीटर 2.9 दाखवू लागला, म्हणजे आम्ही न घालताच. रोपांच्या जाळीदार पेल्यांच्या कडांवर पांढरे मीठ फुलले. करपणे वाढले.

पहिल्या खेपेत साठ पेट्या गेल्या. एकोणपन्नास परत आल्या. त्या माणसाने भाच्याला फोनवर काय सांगितले ते मला माहीत नाही. भाचा फोन ठेवून शेडाच्या पायरीवर बसला आणि बराच वेळ बसून राहिला. मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते. अक्काने त्या परत आलेल्या गड्ड्यांची बाहेरची पाने काढून त्यांची डाळ घालून भाजी केली. भयंकर लागली. आम्ही तिघांनी मुकाट्याने खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मी टाकीजवळ खाली मान घालून बसलो होतो. मावशी नळीने टाकी भरत होती. ती रोज भरलेल्या बादल्या भिंतीवर खडूने रेघा ओढून मोजायची. मागांवर ताग्यांच्या मापाची सवय. ती रेघांकडे बघत म्हणाली, "ऊट हेच्चात्री, मास्तर्री. नीर कडिमी आत्री." जेवण जास्त झाले, पाणी कमी झाले.

मी उठून रेघा मोजल्या. गॅसच्या आधीच्या पिकाला याच वयात दिवसाला नऊ बादल्या लागत होत्या, दहा-दहा लिटरच्या. आता रोपे मोठी असूनही साडेसात.

चौतीस वर्षे मी पर्णरंध्रांची आकृती फळ्यावर काढली आहे. दोन वालाच्या शेंगांसारख्या पेशी आणि मधली फट. कर्बवायू आत घ्यायला फट उघडायची, ती उघडली की पाणी बाहेर उडणार, हा झाडाचा रोजचा व्यवहार. हवेत कर्बवायू मुबलक असेल तर झाड फट अर्धवट मिटते. थोड्या उघडीत भागते, पाणी वाचते. हे मी शिकवले होते, परीक्षेत विचारले होते, न लिहिणाऱ्यांचे गुण कापले होते. आणि कॅल्शियम झाडात जातो तो फक्त पाण्याच्या धारेबरोबर, मुळाकडून वर. एकदा जुन्या पानात बसला की तिथून निघून नव्या पानाला जात नाही. गड्ड्याच्या पोटातले कोवळे पान गुंडाळलेले, त्याला वारा नाही, त्याच्यातून पाणी उडत नाही, म्हणून त्याच्याकडे धार येत नाही. वर आम्ही पंखा बंद करून खोली दमट केलेली, आणि पाणी इतके खारट केलेले की मुळांना ते ओढायलाही जड. टाकी कॅल्शियमने भरलेली आणि पान कॅल्शियमवाचून मेलेले! पुस्तकात कमतरता लिहिली होती ती पानातली. मी ती टाकीतली समजलो.

खताचा हिशेबही मी चुकीच्या वहीत मांडला होता. झाड दिवसाला किती खाते ही एक वही. पाण्याच्या दर लिटरमागे किती असावे ही दुसरी. ढोबळमानाने किलोभर कोरडा पाला बनायला झाड 200 ते 400 लिटर पाणी पिते. हवा कोरडी असेल तर जास्त, दमट असेल किंवा गॅस दिलेला असेल तर कमी. जेवढे पाणी पिणार त्यातूनच खनिजे जाणार. मग भाच्याबरोबर बसून आधीच्या पिकाची वजने काढली. पाला गॅसमुळे सुमारे सव्वापट झाला होता, पाणी नवाचे साडेसात. भागाकार केला की दर लिटरमागे दीडपट येते. पण कर्बवायू जास्त मिळालेल्या पानांत साखर-पिष्ट वाढते आणि नत्र, खनिजे त्या मानाने पातळ होतात, म्हणजे तेवढेही नको. 1.2 चे 1.6, बस्स. मी 2.4 सांगितले होते, कारण गॅस दुपटीच्या वर होता. गॅस दुप्पट म्हणून वाढ दुप्पट होत नसते, हे तर आठवीच्या पोरानेही विचारले असते. भाच्याने विचारले नाही, कारण मामा मास्तर.

(पाने पातळ होण्याची ही गोष्ट वाटते तेवढी शेडापुरती नाही. 2014 साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उघड्या शेतात कर्बवायू साडेपाचशेच्या आसपास वाढवून गहू घेतला तर त्यात जस्त 9.3 टक्के, लोह 5.1 टक्के आणि प्रथिने 6.3 टक्के कमी भरली. सगळ्या जगाच्याच शेडात झडप हळूहळू उघडते आहे. पण तो विषय मोठा, आणि त्या दिवशी माझ्यापुढे एकोणपन्नास पेट्या होत्या.)

टाकी अर्धी उपसून कोरे, गाळलेले पाणी भरले. आमचे बोअरचे पाणी मुळात जड. गॅस 800 वर आणला आणि रात्री दिवे बंद असताना पूर्ण बंद. अंधारात झाड तो खात नाही, आम्ही मात्र रात्रभर सोडत होतो! रॅकवर छोटे पंखे उलटे टांगले, वारा थेट गड्ड्याच्या डोक्यावर यावा असे. एसीने दिवसाचा दमटपणा उतरवला. पोटॅशचे प्रमाण थोडे कमी केले. ते जास्त झाले की मुळाच्या दारात कॅल्शियमला रेटून पुढे घुसते. आणि एक नियम ठरला. टाकीतला ईसी रोज सकाळी बघायचा. चढत असेल तर रोपांना पाणी हवे आहे, कोरे पाणी घाला. उतरत असेल तर भूक लागली आहे, खत घाला. आकडा पुस्तकातून आणायचा नाही, रोपांनी सांगायचा. हा नियम भाच्याने केला. माझा त्यात हात नाही.

करपलेली पाने काही बरी होत नाहीत. नाताळ गेला. पुढचे पीक फेब्रुवारीत तयार झाले. तेव्हा गोव्यात मागणी असते, पण नाताळाचा भाव नसतो. पेट्या मात्र परत आल्या नाहीत.

मी भाच्याला म्हटले होते, "माझ्यामुळे झालं." तो म्हणाला, "मामा, गॅस मी आणला." एवढेच. मग काही दिवसांनी टाकी बघता बघता आपणहून म्हणाला, "ते झाडाचं वजन कुठनं येतं त्याची गोष्ट सांगा की, शाळेत सांगायचा ती." मी सांगितली. व्हॅन हेल्मोंट नावाच्या माणसाने कुंडीत 200 पौंड कोरडी माती घेऊन 5 पौंडांचे विलोचे रोप लावले. पाच वर्षे फक्त पाणी घातले. झाड 169 पौंडांचे झाले आणि माती घटली अवघी दोन औंस. तो म्हणाला, झाड म्हणजे निव्वळ पाणी. 1648 साली, तो गेल्यावर, हे छापले गेले. मौज अशी की ‘गॅस’ हा शब्दच मुळी त्याने घडवला आणि कोळसा जाळल्यावर निघणारा वायू, म्हणजे हाच कर्बवायू, त्यानेच ओळखला. झाड बरेचसे त्याच्यापासून बनते हे मात्र त्याच्या ध्यानात आले नाही. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात होत्या, भेट झाली नाही.

"तुमच्यासारखंच की मग," भाचा म्हणाला. तो हसला तेव्हा डिसेंबरपासून पहिल्यांदा मला शेडात नीट श्वास घेता आला.

तीन पिके आणखी निघाली. पाटल्यांपैकी एक सुटली, एक अजून सराफाकडे आहे. अक्का सुटलेली एकटी घालत नाही, म्हणते, जोडी आली की घालीन. दुपारी बायका गेल्या की ती शेडात जाऊन रॅकपाशी स्टूल टाकून बसते, जिथे पूर्वी दाजींचा दुसरा माग होता तिथेच, आणि रोपांशी मोठमोठ्याने बोलते. परवा मी दारातून मीटर बघितला. 640 होता, मी उभा असेपर्यंत 655 झाला. झडप मिटलेलीच होती. मी आत गेलो नाही. दाराच्या फटीतून मावशीच्या रेघा दिसत होत्या. त्या दिवसाच्या आठ.